ऑफिसातला गिट सर्व्हर घरून वापरायचाय: पोर्ट उघडू की व्हीपीएन लावू?

वागळे_फर्मवेअर

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचं युनिट आहे. कंट्रोल पॅनलचं फर्मवेअर तिथेच लिहिलं जातं. नऊ डेव्हलपर आहेत. चालू कामाचा कोड गिटमध्ये, एक जुना प्रोजेक्ट अजून एसव्हीएनमध्ये (दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं), आणि दोन्ही ऑफिसातल्या उबंटू २२.०४ च्या मशीनवर. आतापर्यंत साम्बा शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) झेड ड्राइव्ह म्हणून मॅप करायचा आणि तिथेच पुश-पुल (बदल पाठवणं-आणणं) करायचं, असं चालायचं. आता चौघं जण आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणार: दोघं डोंबिवली, एक घणसोली, एक नवीन पनवेल. ग्राहकाच्या करारात कोड तिसऱ्या कुणाच्या क्लाउडवर ठेवायचा नाही अशी अट आहे, म्हणून कृपया गिटहब वगैरे सुचवू नका.

राउटरवर पोर्ट २२ (एसएसएच, म्हणजे दुरून कूटबद्ध लॉगिन करायचं पोर्ट) फॉरवर्ड केलं, पण बाहेरून जोडणी लागतच नाही, टाइमआउट होतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.७८ ने सुरू होतो, आणि ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ बघितला तर भलताच दिसतो. स्टॅटिक आयपीला ब्रॉडबँडवाले वेगळे पैसे सांगतात.

विचारायचंय ते असं. स्टॅटिक आयपी घेऊन २२ ऐवजी २२२२ पोर्ट उघडलं तर पुरेसं सुरक्षित होईल का? सगळ्यांना ‘गिट’ नावाचं एकच लॉगिन दिलं तर चालेल का? आणि आमच्याकडे शुक्रवारी बऱ्याचदा लाईट जाते. परत आल्यावर कुणी ऑफिसात नसलं तरी सगळं आपोआप उभं राहायला हवं.

ऐरोली_नेटवर्क

१००.७८ वाचलं आणि निदान झालं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा कॅरिअर-ग्रेड नॅटसाठी राखून ठेवलेला आहे (आरएफसी ६५९८, २०१२). म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे ब्रॉडबँडवाल्याचा आणखी एक नॅट बसलाय आणि खरा पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत मिळून एक आहे. तुम्ही तुमच्या राउटरवर काहीही फॉरवर्ड करा, बाहेरचं पॅकेट तिथवर येतच नाही. डायनॅमिक डीएनएसचाही (बदलता आयपी एका नावाला जोडणारी सेवा) इथे उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत: ऑफिसचं कुठलंच पोर्ट उघडू नका. मुंबई रीजनमधला सगळ्यात लहान व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, एक कोअर आणि १ जीबी रॅम भरपूर झाली. त्यावर वायरगार्ड या व्हीपीएनचा हब (मधला जोडबिंदू) करा. ऑफिसचा सर्व्हर आणि लॅपटॉप, दोघंही आतून बाहेर त्या हबला जोडतील, त्यामुळे नॅट आडवा येत नाही. कराराची काळजीही राहत नाही. हबवर वायरगार्डचं पॅकेट उलगडतं आणि पुढे जाताना पुन्हा बंद होतं हे खरं, पण आतला माल एसएसएचने लॅपटॉपपासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत सलग कूटबद्ध असतो. व्हीपीएसवर कोड साठतही नाही आणि कुणाला वाचताही येत नाही.

पत्ते असे ठेवा: हब १०.७७.०.१, ऑफिस सर्व्हर १०.७७.०.२, लॅपटॉप १०.७७.०.११ पासून पुढे. ऑफिसचं १९२.१६८.१ नेटवर्क बोगद्यातून (व्हीपीएनच्या जोडणीतून) देऊ नका. घरोघरच्या राउटरवर तेच नेटवर्क असतं, मग लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसतो. लॅपटॉपच्या ‘अलाउड-आयपीज’मध्ये फक्त १०.७७.०.१/३२ आणि १०.७७.०.२/३२ लिहा (/३२ म्हणजे तेवढा एकच पत्ता). घरचं बाकी इंटरनेट त्यांच्याच लाइनने जाऊ द्या.

हबच्या बाजूला प्रत्येक पिअरला (जोडणाऱ्या मशीनला) त्याचा एकच /३२ द्या. इथे एक हमखास चूक होते. जुन्या पिअरचा मजकूर कॉपी करून नवीन पिअर लिहितात आणि आयपी बदलायचा राहून जातो. वायरगार्ड एरर देत नाही. तो आयपी शेवटच्या पिअरकडे जातो आणि आधीच्या माणसाची जोडणी गुपचूप मरते.

ऑफिस सर्व्हरवर ‘पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. नॅटमागे असल्यामुळे तो गप्प बसला की वाटेतला नॅट ती नोंद विसरतो, आणि मग हबला त्याच्यापर्यंत जाता येत नाही. हबवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, पण फॉरवर्डचा मूळ नियम ‘ड्रॉप’ ठेवा आणि एवढंच सोडा: वायरगार्ड इंटरफेसवरून आलेलं, १०.७७.०.२ च्या टीसीपी २२ ला जाणारं, आणि त्याची परतीची उत्तरं. एका लॅपटॉपवरून दुसरा लॅपटॉप दिसायचं काही कारण नाही. व्हीपीएस कंपनीच्या पॅनलमध्येही वेगळा फायरवॉल असतो, तिथे ५१८२० हे पोर्ट यूडीपी म्हणून उघडा. टीसीपी उघडून तासन्‌तास शोधत बसणारे पुष्कळ बघितलेत. वायरगार्ड चुकीच्या चावीला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून ‘बंद आहे’ आणि ‘चावी चुकली’ ही दोन्ही सारखीच दिसतात. हबवर ‘डब्ल्यूजी शो’ चालवून शेवटचा हँडशेक (जोडणी जुळतानाची देवाणघेवाण) कधी झाला ते बघा, तेवढाच भरवशाचा पुरावा.

आता लाईटचं. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’वर ठेवा. ‘लास्ट स्टेट’वर ठेवलात आणि यूपीएसने मशीन व्यवस्थित बंद केलं असेल, तर लाईट आल्यावरही ते बंदच राहतं. वायरगार्डची सर्व्हिस बूटवर सुरू होईल अशी लावा. हबचा पत्ता नावाने न देता आकड्यात द्या, म्हणजे राउटर उशिरा उठला तरी डीएनएसवाचून अडत नाही.

आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, हे गांभीर्याने सांगतोय. सेल संपला असेल तर लाईट गेल्यावर घड्याळ मागे जातं. वायरगार्ड हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि हबने आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला की तो हँडशेक नाकारतो, कारण ती जुन्या पॅकेटची नक्कल असू शकते. मशीन चालू, इंटरनेट चालू, तरी बोगदा बंद, असं चित्र दिसतं. वेळ इंटरनेटवरून जुळवून घेणारी सर्व्हिस चालू आहे ना, तेही तपासा.

नेरुळचा_सिसॲडमिन

वरचं सगळं बरोबर, पण नऊ जणांसाठी व्हीपीएस, हब वगैरे जरा जास्तच होतंय. स्टॅटिक आयपी घ्या, पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त की (चावीची फाइल) ठेवा, जोडीला फेल-टू-बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारं साधन) लावा. खूप ठिकाणी एवढ्यावर नीट चालतं.

ऐरोली_नेटवर्क

चालतं, नाही म्हणत नाही. पण जुलै २०२४ मधली ‘रेग्रेशन’ नावाची फट आठवा (सीव्हीई-२०२४-६३८७). ओपनएसएसएच (एसएसएचचा नेहमीचा सर्व्हर) ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांमध्ये, लिनक्सवर, लॉगिन व्हायच्या आधीच रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवता येईल अशी फट होती. लॉगिनच्या आधीची फट म्हटल्यावर ‘फक्त की’ असून काय फायदा? उबंटू २२.०४ मधली ८.९पी१ त्याच टप्प्यात येते. पॅच लगेच आला, पण ज्यांचं पोर्ट जगाला उघडं होतं त्यांना तो त्याच दिवशी लावणं भाग होतं. बोगद्यामागे असलेल्यांना सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. पोर्ट २२ चं २२२२ केल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, फट बुजत नाही.

स्टॅटिक आयपी घेतलाच, तर वायरगार्ड ऑफिसच्या राउटरवर किंवा सर्व्हरवरच लावा आणि एक यूडीपी पोर्ट तेवढं उघडा. मग हब नको.

कमिट_कट्टा

नेटवर्क झालं, आता रिपॉझिटरीकडे (कोडच्या साठ्याकडे) येऊ. एकच लॉगिन चालेल का? लिनक्सवरचा युजर एकच असू दे, चाव्या मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या हव्यात. एकच पासवर्ड नऊ जणांकडे असेल तर कुणी काय पुश केलं ते कधीच सिद्ध करता येत नाही. कमिटमधलं नाव-ईमेल कुणीही काहीही लिहू शकतं, त्याला पुरावा समजू नका.

साधा मार्ग म्हणजे ‘गिट’ युजरची शेल ‘गिट-शेल’ करायची. त्याने टर्मिनल मिळत नाही, फक्त पुश आणि फेच होतं. पण त्यात प्रत्येकाला प्रत्येक रिपॉझिटरी लिहिता येते. नऊ जणांसाठी मी गिटोलाइट (गिटच्या परवानग्या सांभाळणारं साधन) लावायला सांगेन. वेब सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, सगळं एसएसएचवरच. परवानग्या आणि पब्लिक चाव्या त्याच्याच एका ‘गिटोलाइट-ॲडमिन’ रिपॉझिटरीत राहतात. बदल करून पुश केला की लागू. कुणाला कधी काय हक्क दिले याचा इतिहासही आपोआप राहतो. उबंटूचं पॅकेज ‘गिटोलाइट३’ नावाचा युजर बनवतं, तेव्हा यूआरएलमध्ये तेच नाव येईल.

नियम लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ब्रांचचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला तो खरा. म्हणून मास्टर या मुख्य ब्रांचवर फक्त टीम लीडला लिहायला द्यायचं असेल तर क्रम असा: पहिल्या ओळीत लीडला मास्टरवर ‘आरडब्ल्यू’ (वाचणं-लिहिणं), दुसऱ्या ओळीत बाकीच्यांना मास्टरवर वजा चिन्हाने मनाई, तिसऱ्या ओळीत सगळ्या टीमला इतर ब्रांचवर ‘आरडब्ल्यू’ आणि अधिक चिन्ह. मनाईची ओळ शेवटी लिहिली तर तिच्यापर्यंत गाडी पोचतच नाही. दुसरं म्हणजे ब्रांचचं नाव सुरुवातीपासून जुळवलं जातं, त्यामुळे नुसतं ‘मास्टर’ लिहिलं तर ‘मास्टर-जुना’लाही तोच नियम लागतो. नावाच्या शेवटी डॉलर चिन्ह द्या.

चाव्या ईडी२५५१९ प्रकारच्या करा, पासफ्रेझ घालून, ज्याने त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर. ॲडमिनने चाव्या बनवून व्हॉट्सॲपवर वाटायच्या नाहीत. तुमच्याकडे फक्त पब्लिक फाइल आली पाहिजे. विंडोजवर टॉर्टॉइजगिट वापरत असाल तर आवृत्ती आजच बघा. पुटी या एसएसएच साधनाच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत, आणि तोच कोड वापरणाऱ्या टॉर्टॉइजगिटच्या २.१५.० पर्यंतच्या आवृत्त्यांत, ईसीडीएसए पी-५२१ च्या चाव्यांची सही कच्ची होत होती. अशा साठेक सह्या हाती लागल्या की प्रायव्हेट की काढता येते (सीव्हीई-२०२४-३१४९७). नवीन आवृत्ती टाकून जुनी चावी सुधारत नाही. ती सगळ्या सर्व्हरवरून काढून टाकायची आणि नवी बनवायची.

सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद करताना उबंटूची एक खोच आहे. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ लिहिलं तरी पासवर्ड चालूच राहतो. कारण कॉन्फिग डिरेक्टरीत इन्स्टॉलरने टाकलेली ‘५०-क्लाउड-इनिट’ फाइल असते, ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत टिकते. म्हणून फाइल वाचून विश्वास ठेवू नका. एसएसएचडीला (एसएसएच सर्व्हरच्या प्रोग्रॅमला) मोठ्या टी पर्यायाने चालवा, प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग छापली जातात, त्यात बघा. ‘केबीडी-इंटरॲक्टिव्ह’ही (पासवर्ड विचारायची दुसरी वाट) बंद करा. हे सगळं करताना एक जुनं सेशन उघडं ठेवा आणि नव्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहूनच ते बंद करा.

एसएसएचडीला ‘लिसन-ॲड्रेस १०.७७.०.२’ देऊन बांधावंसं वाटेल, तसं करू नका. शुक्रवारी लाईट आल्यावर एसएसएचडी वायरगार्डच्या आधी उठलं तर तो पत्ता अजून अस्तित्वातच नसतो, आणि सर्व्हिस पडते. त्यापेक्षा फायरवॉलमध्ये वायरगार्ड इंटरफेस आणि ऑफिस लॅन एवढ्यांनाच २२ द्या.

पहिल्यांदा जोडताना ‘होस्टची ओळख पटत नाही, पुढे जाऊ?’ असं विचारतं, तिथे डोळे झाकून ‘यस’ नको. सर्व्हरच्या होस्ट कीचा ठसा एसएसएच-कीजेनने काढून ऑफिसात सूचनाफलकावर लावा. घरच्या मंडळींनी तो ताडून मगच पुढे जायचं.

जुन्या रिपॉझिटरी हलवताना फोल्डर कॉपी करण्यापेक्षा आधी गिटोलाइटमध्ये रिकामी बनवून घ्या, जुनीवर ‘एफएससीके’ (गिटची साठा-तपासणी) पूर्ण चालवा, आणि मग ‘पुश मिरर’ करा. साम्बावर नऊ जण लिहीत होते म्हणताय, तर एफएससीके टाळू नकाच. नेटवर्क शेअरवर फाइल लॉक नेहमी नीट पाळले जातातच असं नाही, तुटका ऑब्जेक्ट असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

वागळे_फर्मवेअर

मनापासून आभार. हब आणि गिटोलाइट दोन्ही उभं केलं, ऑफिसातून आणि डोंबिवलीहून छान चालतंय. दोन अडचणी आहेत. पनवेलचा सहकारी मोबाइल हॉटस्पॉटवर असतो. त्याचा वायरगार्ड हँडशेक होतो, पिंग जातो, पण एसएसएच अडकतं. व्हर्बोज लावल्यावर शेवटची ओळ ‘एक्सपेक्टिंग एसएसएच२ केक्स रिप्लाय’ अशी काहीतरी दिसते. दुसरी म्हणजे, ६ जीबीची एक रिपॉझिटरी सुडो लावून सरळ कॉपी केली होती, तिच्यावर ‘डुबियस ओनरशिप’ (मालकी संशयास्पद) येतंय. नेटवर ‘सेफ-डिरेक्टरी’ला तारा (*) लावा असं सापडलं. लावू का?

ऐरोली_नेटवर्क

पनवेलवाल्याचा प्रश्न एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) आहे. पिंगचं पॅकेट लहान असतं म्हणून जातं, की-एक्सचेंजचं उत्तर मोठं असतं ते वाटेत गळतं. वायरगार्डचा एमटीयू सहसा १४२० असतो, म्हणजे १५०० च्या लाइनमधून ८० वजा. पीपीपीओई ब्रॉडबँडवर लाइनच १४९२ ची, तिथे १४१२ हवा. मोबाइल नेटवर्कवर त्याहून कमी लागू शकतो. त्याच्या लॅपटॉपच्या वायरगार्ड फाइलमध्ये इंटरफेसखाली एमटीयू १२८० टाका. सगळ्यांनाच १२८० दिलात तरी पुशमध्ये फरक जाणवणार नाही, आणि असले फोन येणं थांबेल.

कमिट_कट्टा

तारा लावू नका. एप्रिल २०२२ मध्ये गिटने ही तपासणी मुद्दाम आणली (सीव्हीई-२०२२-२४७६५): दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीतलं कॉन्फिग आणि हुक (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आपल्या नावाने चालू नयेत म्हणून. तारा म्हणजे ती तपासणी सगळीकडे बंद. तुमच्याकडे कारण सरळ आहे, सुडोने कॉपी केल्यामुळे फाइली रूटच्या झाल्यात. सबंध फोल्डरची मालकी गिटोलाइटच्या युजरला द्या, फोल्डरचं नाव ‘डॉट गिट’ने संपतंय ना ते बघा, आणि त्याच युजरने ‘गिटोलाइट सेटअप’ पुन्हा चालवा. हे शेवटचं विसरलं तर गिटोलाइटचा अपडेट हुक त्या रिपॉझिटरीत बसत नाही. पुश चालतो, आणि मास्टरवरची मनाई मात्र लागू होत नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही.

६ जीबीचं क्लोन (पूर्ण प्रत) घरून करायला लावू नका. गिटचं क्लोन मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ऑफिसात ‘गिट बंडल’ करून एक फाइल पेनड्राइव्हवर द्या. घरी त्या फाइलीतून क्लोन करायचं, रिमोटचा यूआरएल सर्व्हरचा टाकायचा आणि फेच. मधले दोन-चार दिवसांचे कमिट तेवढे येतात. ऑफिसबाहेर नेताना पेनड्राइव्ह बिटलॉकरने बंद असू द्या.

घोडबंदर_बिल्ड

एसव्हीएनचं राहिलं म्हणून लिहिते. ‘एसव्हीएन-सर्व्ह’ (एसव्हीएनचा सर्व्हर) ३६९० पोर्टवर उघडं चालवू नका. मूळ सेटिंगमध्ये डेटा उघडा जातो आणि पासवर्ड सर्व्हरवर साध्या मजकुरात पडून असतात. ‘एसव्हीएन प्लस एसएसएच’ वापरा. त्यासाठी वेगळा ‘एसव्हीएन’ युजर करा. त्याच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये प्रत्येक चावीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ठरलेली कमांड लिहा: एसव्हीएन-सर्व्ह टनेल मोडमध्ये, रूट म्हणून रिपॉझिटरीचं फोल्डर, आणि ‘टनेल-युजर’मध्ये त्या माणसाचं नाव. मग लॉगमध्ये नाव खरं उमटतं आणि ते बदलणं त्याच्या हातात राहत नाही. जुन्या वर्किंग कॉपीला ‘रिलोकेट’ करा, ‘स्विच’ नाही.

बॅकअपबाबत एकच आग्रह: मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी ब्रांच उडवली तर पुढच्या मिनिटाला मिररमधूनही उडते. रात्री तारखेनिशी बंडल करा, एसव्हीएनचं ‘हॉटकॉपी’, आणि तीस दिवसांचे ठेवा. बॅकअप मशीनने सर्व्हरवरून ओढून घ्यायचं. सर्व्हरने तिकडे ढकलायचं नाही, नाहीतर सर्व्हर ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातात बॅकअपची चावीही जाते. महिन्यातून एकदा कुठल्याही एका बंडलमधून क्लोन करून फर्मवेअर बिल्ड होतंय का ते पाहा. सर्व्हरवरच्या बेअर रिपॉझिटरीत (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) रिफलॉग (ब्रांच आधी कुठे होती याची नोंद) मुळात बंद असतो, तोही चालू करून ठेवा. फोर्स-पुशने गेलेला कमिट त्यावरून सापडतो.

लॉग किती दिवस? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि त्यातल्या यादीत बसणारी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. उबंटूचं लॉगरोटेट ऑथ लॉग आठवड्याला फिरवतं आणि चारच जुने ठेवतं, म्हणजे जेमतेम महिना. तिथे ४ चे २७ करा.

कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी दोन्हीकडून काढा: हबवरचा पिअर आणि गिटोलाइटच्या ‘कीडिर’मधली फाइल. एसव्हीएनची चावी असेल तर तीही. हबवर चालू इंटरफेसमधून पिअर काढला पण कॉन्फिग फाइलमध्ये तसाच राहिला, तर पुढच्या रीस्टार्टला तो परत येतो. दोन्ही जागी काढून ‘डब्ल्यूजी शो’मध्ये त्याची पब्लिक की दिसत नाही ना, ते बघा.

वागळे_फर्मवेअर

१२८० टाकल्यावर पनवेल लागलं. मालकी बदलून सेटअप पुन्हा चालवला, मास्टरवरचा पुश आता अडतोय, जसा अडायला हवा तसा. साम्बा शेअर आजपासून फक्त वाचण्यापुरता ठेवलाय. एसव्हीएनचं काम येत्या शनिवारी सगळे ऑफिसात असताना करू.